रिकामा उद्योग

आमच्या घरी एक लढाऊ विमान आहे. ते फ्रिजवर उभं असतं. नाव स्पिटफायर, कारकीर्द दुसऱ्या महायुद्धातली, लांबी जेमतेम पाच इंच. त्याच्या पंखांवरच्या वर्तुळांतला तांबडा ठिपका जरा जास्तच चकाकतो, कारण रंगाची डबी ऐनवेळी वाळलेली निघाली आणि मला हिच्या नेलपॉलिशचा आधार घ्यावा लागला. पाहुण्यांच्या ते लक्षात येत नाही. हिच्या मात्र वासावरूनच लक्षात आलं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या विमानांच्या आणि जहाजांच्या प्रतिकृती करतो. 'प्रतिकृती' हा माझा शब्द. हिचा शब्द 'रिकामा उद्योग'. कामवाल्या बाईंचा शब्द 'सायबांची खेळणी'. त्यांच्या केरसुणीने आजवर दोन प्रॉपेलर आणि एक चाक गिळलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या मताला घरात वजन आहे.

या छंदात बहात्तर या आकड्याला मोठा मान. खऱ्या विमानाच्या बहात्तर इंचांचा इथे एक इंच होतो. म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर इंचभर. हा हिशेब हिला समजावून देताना मी म्हणालो, "अगं, मी पाच फूट चार इंच. त्या जगात मी इंचभरसुद्धा भरणार नाही."

"मग इथल्यासारखंच की," ही म्हणाली नि कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागली.

सुटे भाग येतात ते प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून, जाळीला करवंदं लागावीत तसे. भाग तोडून झाल्यावर उरलेल्या काड्या टाकायच्या नसतात. काडी ज्योतीवर धरून मऊ करायची, मग बाजूला घेऊन दोन्ही हातांनी हलकेच ताणायची. साखरेच्या पाकाला यावी तशी केसाएवढी बारीक तार येते. ती विमानाची एरियल म्हणून लावतात. ज्योत म्हणून मी देवघरातलं निरांजन घेतलं, हे माझं चुकलं. त्यानंतर गणपतीच्या मागच्या भिंतीवर जो काळा ओघळ उमटला तो मी स्वतः घासून काढला, एवढंच सांगतो.

विमान जोडून, रंगवून चकचकीत झालं, की ते मळवायचं. इंजिनाच्या नळ्यांखाली धुराचा काळा फराटा, पत्र्यांच्या जोडांत पातळ काळा रंग, चाकांना चिखल. "आधी नवंकोरं करायचं नि मग मळवायचं," ही म्हणाली, "तुमच्या सदऱ्यांचं इतकी वर्षं दुसरं काय चाललंय?"

विमानांवरून मी जहाजांवर गेलो. 'व्हिक्टरी' घेतलं, १८०५ साली ट्रॅफल्गारला नेल्सन ज्यावर पडला ते. तोफा १०४, शिडं ३७, आणि दोरखंड म्हणे सव्वीस मैल. चर्चगेटला त्याचं एक टोक बांधलं तर दुसरं जवळजवळ भाईंदरला पोचेल. त्यातला कुठला दोर कुठे बांधायचा याचा जो मोठा कागद होता तो एका शनिवारी वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत गेला. कुणी घातला यावर आमच्यात एकमत नाही. पुढचं काम मी अंदाजपंचे केलं. वर आणखी, मी जहाजाला भरपूर पिवळे पट्टे मारून बसलो आणि मग वाचनात आलं की २०१५ साली तिथल्या जाणकारांनी रंगाचे जुने थर तपासून, ट्रॅफल्गारच्या वेळी ते पट्टे फिकट, गुलाबीसर सायीच्या रंगाचे होते असं ठरवलं आणि खऱ्या जहाजालाच नवा रंग दिला. माझ्यात तेवढी हिंमत नाही. माझी 'व्हिक्टरी' पिवळीच आहे.

हा उद्योग रिकामा नाही हे सिद्ध करण्यासाठी मी इतिहासाकडे धाव घेतली. नेपोलियनच्या लढायांतले हजारो फ्रेंच कैदी इंग्लंडात डांबलेले होते. नॉर्मन क्रॉस इथे १७९७ साली त्यांच्यासाठी खास छावणी उघडली. या कैद्यांनी काय करावं? जेवणातल्या मटणाची हाडं उकळून, घासून, त्यांच्या इवल्या फळ्या कापल्या आणि त्यांची जहाजं केली. दोरांसाठी केससुद्धा वापरले. ती जहाजं ते दारावरच्या बाजारात इंग्रजांनाच विकत. आज ती संग्रहालयांत काचेआड आहेत.

"आपल्याकडे मटण शिजत नाही," ही म्हणाली, "आणि तुमच्या डोक्यावर केस नाहीत."

मी विमानांकडे वळलो. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडे विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागितल्या. आपली, मित्रांची, शत्रूची, सगळ्यांची विमानं. लाकडाची, काळ्या रंगाची, माप हेच आपलं बहात्तरास एक. आभाळात काळी आकृती दिसली की ती शत्रूची की आपल्याच पोराची हे तोफेवरच्या माणसाला क्षणात कळायला हवं, त्याची तालीम या खेळण्यांवर व्हायची. पंखाचा आकार चुकला तर कुणीतरी आपलंच विमान पाडणार. सुताराच्या तासाला मान खाली घालून बसलेल्या पोरांच्या हातात हे होतं. या गोष्टीवर ही काही बोलली नाही. आमचा मुलगा परदेशात असतो आणि त्याचं विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत ही झोपत नाही.

मला जोर आला. मग मी प्लॅस्टिकच्या काळात शिरलो. इंग्लंडातल्या एका कंपनीच्या उडणाऱ्या विमानांचं नाव होतं 'फ्रॉग', म्हणजे बेडूक. १९३६ साली त्यांनी नुसतीच ठेवायची, न उडणारी प्लॅस्टिकची विमानं काढली, तेव्हा त्यांना पक्ष्याचं नाव दिलं: 'पेंग्विन'. बेडूक उडतो आणि पक्षी बसून राहतो, हा इंग्रजी विनोद मला समजायला दोन दिवस लागले. आणि ज्या 'एअरफिक्स'चं माझं स्पिटफायर, ती कंपनी विमानांच्या आधी कंगवे करायची. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी ती १९३९ साली काढली, तीही हवा भरायची रबरी खेळणी करायला.

हे सगळं ऐकून घेतल्यावर हिने एकच प्रश्न विचारला. "ते कैदी पोटासाठी करत होते. ती मुलं सैन्यासाठी. कंपनी पैशासाठी. तुम्ही कुणासाठी करता?"

इथे माझा इतिहास संपला आणि मी चष्मा पुसायला लागलो.

माझे वडील, अण्णा, नौदलाच्या गोदीत कारकून होते. १९६४ सालच्या एका रविवारी घरी मामा वगैरे मंडळी जेवायला होती. ताक पिता पिता अण्णा म्हणाले, "आमच्या गोदीत बांधलेलं सागवानी जहाज विलायतेत अजून तरंगतंय. दीडशे वर्षं होत आली. तिरंकमाळी त्याचं नाव." हे त्यांना त्यांच्या पारशी साहेबांनी सांगितलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा आणि भयंकर हुशार. शाळेच्या वाचनालयातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून मी जुन्या लढाऊ जहाजांची यादी पाहिली. त्रिंकोमाली त्यात नव्हतं. होतं ते सिलोनच्या नकाशात. पुढच्या रविवारी सगळ्यांदेखत मी जाहीर केलं, "अण्णा, ते जहाज नाहीच. ते गाव आहे!" मामा खो खो हसले. अण्णाही थोडे हसले. मग त्यांनी खिशातून चांदीचं दातकोरणं काढलं आणि गॅलरीकडे तोंड करून बसले. त्यानंतर गोदीतली गोष्ट म्हणून त्यांनी घरात कधी सांगितली नाही.

अण्णा १९८८ साली गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 'व्हिक्टरी'च्या दोरांचा गुंता सोडवायला म्हणून आणलेल्या एका पुस्तकात मला ते जहाज भेटलं. एच.एम.एस. त्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानातून बांधलेलं. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. पाण्यात उतरवलं १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. आज इंग्लंडात हार्टलपूल इथे उभं आहे आणि तरंगतं आहे.

मग शाळेतल्या यादीत ते का नव्हतं? होतं. १८९७ साली नेल्सनचं एक जुनं जहाज, 'फूड्रॉयंट', वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं. त्याच्या मालकाने, व्हीटली कॉब यांनी, भंगारात निघालेली त्रिंकोमाली विकत घेतली आणि तिला फुटलेल्या जहाजाचं नाव दिलं. मुलांना दर्यावर्दीपणा शिकवत ती १९८६ पर्यंत त्याच नावाने वावरली. स्वतःचं नाव तिला परत मिळालं १९९२ साली. म्हणजे १९६४ साली मी यादीतल्या 'फूड्रॉयंट'वरून बोट फिरवलं होतं. उच्चार जमेना म्हणून पान उलटलं होतं.

तर आता मी त्रिंकोमाली करायला घेतली आहे. सांगाडा बहात्तरास एक या मापाने पंचवीस इंच होतो. मोठ्या हौसेने मी सागाचे तुकडे आणले, तेव्हा आमचे सुतार म्हणाले, "काका, याच्या रेषा बघा केवढ्या. एवढ्याशा जहाजावर त्या नाल्यांसारख्या दिसतील." खरं आहे. सागवानी जहाज सागवानात करता येत नाही. बारीक कणाचं हळदू घ्यावं लागलं. पुढचा प्रश्न, कुठल्या सालचं जहाज करायचं? मूळचा चौकोनी मागचा भाग पुढे चाळीसच्या दशकात, म्हणजे अर्थात १८४० च्या, गोलसर केला गेला. मी चौकोनीच करणार. अण्णांच्या गोदीतून निघालं ते.

उशिराची मला काळजी नाही. या जहाजाची मागणी नोंदवली १८१२ साली. त्याचे नकाशे 'जावा' नावाच्या लढाऊ जहाजावरून मुंबईला निघाले. त्याच डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठलं आणि नकाशे जहाजासकट समुद्रात गेले. (आमच्या रद्दीवाल्याला मी तेव्हापासून माफ केलं आहे.) नवे नकाशे येऊन बांधणी सुरू व्हायला १८१६ उजाडलं. ज्या युद्धासाठी जहाज हवं होतं ते आदल्याच वर्षी संपलं होतं. १८१९ साली ते इंग्लंडला पोचलं आणि छप्पर घालून बांधून ठेवलं गेलं. पहिल्या कामगिरीवर निघालं १८४७ साली. बँकेत मी याहून वेगाने सरकलेल्या फायली पाहिल्या आहेत.

परवा रात्री कणा तयार झाला. हिला मी सहज म्हणालो की वाडियांच्या रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. जहाजाला बरं असावं म्हणून. ही उठून आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा, डबा उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात अण्णांचं दातकोरणं होतं.

"हे चालेल?"

मी मापून पाहिलं. कण्याची जाडी पाव इंचाला कमीच. टोकाचा एवढासा तुकडा पुरला. भोक पाडून तो बसवला, वर हळदूची चकती चिकटवली. आता तो कुणाला दिसणार नाही. उरलेलं दातकोरणं हिने पुसून परत डब्यात ठेवलं आणि लाकडाचा भुसा रात्रीच झाडून घ्यायला मला सांगितलं. सकाळी बाई यायच्या आत.