शिधा की रोकड?

तुळजापुरात भवानीच्या यात्रेकरूंचा पैसा वर्षभर खेळतो. त्याच तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणगीचा तळ मात्र कधी दिसेल, याचा नेम नसतो. 2015 साली महाराष्ट्र शासनाने मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून शेतकरी-आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना दरमहा माणशी 5 किलो धान्य देऊ केले. गहू 2 रुपये किलोने, तांदूळ 3 रुपये किलोने. 2022 साली केंद्राकडून या योजनेसाठी येणारा गहू थांबला, पाठोपाठ तांदूळही. जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी माणशी 150 रुपये कुटुंबप्रमुख स्त्रीच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरले.

धान्य द्यावे की दाम, हा वाद आपल्याकडे जुना आहे. 1876-78 च्या दुष्काळात तुळजापूर निजामाच्या राज्यात होते. शेजारचे सोलापूर मुंबई इलाख्यात. या इलाख्यात दुष्काळी कामांवर मजुरी रोख मिळे. 1877 च्या आरंभी व्हाइसरॉय लिटनचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी ती उतरवून पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढ्यावर आणण्याचा आग्रह धरला. हजारो उपाशी मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. माप धान्याचे होते हे खरे, पण ते पोट पाहून ठरविलेले नव्हते, तिजोरी पाहून ठरविलेले होते! पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतरच्या दुष्काळ-संहितांनी तत्त्व मान्य केले ते असे: पैसा द्यावा, परंतु धान्य महागेल तशी मजुरी वाढावी.

1972-73 च्या दुष्काळाची स्मृती मराठवाड्यात अजून ताजी आहे. तांबडी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आजही येते. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मजुरी रोखीतच होती. धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असूनही त्या रोकडीच्या ओढीने पुष्कळ धान्य व्यापाऱ्यांमार्फत राज्यात आले. रास्तभाव दुकानाची जोड होती, हेही विसरता येत नाही.

म्हणून आम्ही रोकडीचे विरोधक नाही. रास्तभाव दुकानातून गहू-तांदूळ मिळे. इथल्या ताटात भाकरी ज्वारीची. हाती पैसा असला तर गृहिणी ज्वारी घेईल, तेल घेईल, लेकराचे औषध आणील. आमची हरकत आहे ती गोठविलेल्या आकड्याला. 150 रुपयांना 5 ने भागले तर किलोला 30 रुपये येतात. बाजारभाव त्यापुढे गेला की शिधा तेवढा घटतो आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. शिवाय बँकेपर्यंतचे एस.टी.चे भाडे वेगळेच! 2024 मध्ये ही रक्कम 170 रुपये करण्यात आली. पाच माणसांच्या घराला वर्षाचे 9,000 होते, ते 10,200 झाले. त्यात किती पायल्या ज्वारी बसते, हे त्या त्या आठवड्याच्या बाजारावर.