नोटीस आणि बिऱ्हाड

भिवंडीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा यंत्रमागांपाशी किंवा १९८४ च्या दंगलीपाशी थांबतो. घरांचा इतिहास राहूनच जातो.

१९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान १० कामगारांची अट घातली. भिवंडीतल्या अनेक मालकांनी मग एकाच छपराखालचे माग कागदोपत्री वेगवेगळ्या नावांवर वाटून टाकले. कामगार तितकेच राहिले. कायद्याला मात्र ते दिसेनासे झाले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कारागीर पाळीपाळीने एकाच खोलीत निजला, ‘बिस्सी’त जेवला. कल्याणकारी योजना एक तर मालकाचे नाव विचारतात किंवा राहण्याचा पत्ता. त्याच्यापाशी दोन्ही नव्हते. शेजारच्या मुंबईत झोपडीवासीयांना मोफत घर देऊ केले गेले, तेव्हाही १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागे; पुढे ती तारीख २००० वर आली. पाळीगणिक खोली वाटून घेणाऱ्याने असा पुरावा कुठून आणावा?

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. किमान ३८ जीव गेले. इमारत धोकादायक असल्याची नोटीस महापालिकेने आधीच बजावली होती. तेवढ्यावरून रहिवाशांना हट्टी ठरवणे आम्हांला पटत नाही. ताबा सोडला की हक्कही सुटेल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणतो. पण नव्या खोलीची अनामत, मागापर्यंतचे अंतर, मुलांची शाळा, यांतले काहीच नोटिशीच्या कागदावर नसते.