बहात्तर साली जन्मलेल्या दोघी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७२ साल म्हटले की आपल्या खानदेशात पहिल्यांदा दुष्काळ आठवतो. खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलोची लाल भाकरी. माझी धाकटी बहीण त्याच वर्षी धुळ्यात जन्मली. अम्मी तिला 'मिलोवर वाढलेली पोर' म्हणायची. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सेल्मा गावी एक मुलगी जन्मली. पाऊल जन्मतःच वाकडे, म्हणून तान्हेपणी तिला सरळ करणारे बूट घालावे लागले. वडील हवाई दलात असल्यामुळे घर सतत हलत राहायचे. काही काळ कुटुंब इटलीत फ्लॉरेन्सला होते आणि चेंडूची ओळख या मुलीला तिथे झाली. तिचे नाव मिया हॅम. महाविद्यालयाच्या मैदानावरून जगाच्या मैदानावर गेलेली ही फॉरवर्ड. फॉरवर्ड म्हणजे आघाडीला राहून गोल करणारी.

ती तीन महिन्यांची होती तेव्हा, २३ जून १९७२ रोजी, अमेरिकेत एका कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली. त्यातले एक कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला बाई किंवा पुरुष म्हणून कोणाला कशातूनही वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. गंमत अशी की त्यात खेळ हा शब्दच नाही! पण अर्थ लावता लावता तो मैदानापर्यंत पोहोचला. मुलग्यांना संघ आहे, शिष्यवृत्ती आहे, तर मुलींना का नाही, असे विचारता येऊ लागले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७९ साली मुलींचा फुटबॉल संघ उभा राहिला आणि १९८२ साली विद्यापीठांची मुलींची पहिली मोठी राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा तोच जिंकला.

त्या संघाचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स. चौदा वर्षांच्या मियाला पाहायला ते गेले तेव्हा 'ती कोणती ते मला सांगू नका' असे म्हणाले होते म्हणे. चेंडू सुटला, एक मुलगी तीरासारखी धावली, आणि त्यांना विचारावे लागले नाही. पंधराव्या वर्षी, १९८७ साली, ती देशाच्या संघातून चीनविरुद्ध खेळली. १९८९ साली विद्यापीठात आली. पुढे चार हंगामांत चार राष्ट्रीय विजेतेपदे, १०३ गोल, आणि सोबतिणींना गोल करून देणारे ७२ पास. ती खेळली त्या ९५ सामन्यांत तिचे विद्यापीठ एकच हरले. मधला १९९१चा हंगाम तिने सोडला, कारण त्या वर्षी चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक होता. सामने तेव्हा ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. बायकांना नव्वद झेपणार नाहीत, असेच कुणाला वाटले असावे. अमेरिकेने तो विश्वचषक जिंकला आणि एकोणीस वर्षांची मिया त्या संघात वयाने सर्वांत लहान होती.

मला मात्र त्या १०३ गोलांपेक्षा ७२ पासच जास्त आवडतात. गोल करणाऱ्याला चेंडू दुसऱ्याच्या पायात देणे जड जाते. मुशायऱ्यात पुढच्या शायराला दाद मिळेल अशी जागा करून द्यावी, तसेच ते. आम्हा कवींपैकी किती जण देतात?

आता धुळ्याकडे येऊ. बहीण डाव्या पायाची. पांझरेच्या कोरड्या वाळूत मोहल्ल्यातली पोरे खेळत, त्यांत ती. तिच्या पायातून चेंडू काढून घेणे मला कधीच जमले नाही आणि ते मी अजून पुरते विसरलेलो नाही. नववीत गेली आणि वाळूत जाणे बंद झाले. अब्बा रागावले नाहीत, फक्त एके संध्याकाळी म्हणाले, 'आता पुरे, बेटा.' १९९० साली ती कॉलेजात गेली. आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठही त्याच वर्षीचे. तिने धीर करून क्रीडाशिक्षकांना विचारले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, 'अकरा मुली आण, संघ काढतो.' तिने वर्गावर्गांत जाऊन विचारले. तयार झाल्या दोघी. तिसरी ती स्वतः. मग ती खो-खो खेळली, आणि दुसऱ्या वर्षी तिचे लग्न झाले.

आपल्या देशात बायका फुटबॉल खेळतच नव्हत्या असे कुणी समजू नये. ते मलाही फार उशिरा कळले. १९७५ साली महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना निघाली. १९८०च्या जानेवारीत कालिकतला आशियाई स्पर्धा झाली, तिथे आपल्या मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या आणि तैवानकडून हरल्या. १९८३ साली बँकॉकला पुन्हा उपविजेत्या. गोव्याची योलांडा डिसोझा त्याच पिढीची फॉरवर्ड. बंगालच्या शांती मलिकला १९८३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी तो मिळालेली ती पहिली स्त्री. म्हणजे मिया शाळेत होती तेव्हा आपण आशियात दुसरे होतो! मैदान, प्रवासाचे पैसे, वर्षभर सामने, यांतले काही पाठीशी उभे राहिले नाही. मोठ्या संघटनेने नव्वदीच्या सुरुवातीला हा कारभार हाती घेतला, तरी पुढे, २००९ साली, आपला महिला संघ सामनेच खेळत नाही म्हणून जागतिक क्रमवारीतून नाव गळाले.

इंग्लंडातही काही वेगळे घडले नव्हते. १९२० साली लिव्हरपूलमध्ये मुलींच्या एका सामन्याला ५३ हजार माणसे आली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. गर्दी जमली नसती तर बंदी आली असती का, हा मला पडणारा प्रश्न आहे.

मियाने २००४ साली खेळ थांबवला तेव्हा तिच्या नावावर देशासाठी १५८ गोल होते. पुरुष असो वा स्त्री, तोवर इतके कुणाचेच नव्हते. १९९९ साली अमेरिकेत विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला ९० हजारांवर लोक आले होते. त्या सामन्याचे चित्रीकरण मी बहिणीला काही वर्षांपूर्वी मोबाईलवर दाखवले. तिने ते दोनदा पाहिले, काही बोलली नाही. फक्त मियाचा जन्म कधीचा ते विचारले. मी सांगितले. 'म्हणजे माझ्याच वयाची,' ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

५ जुलै २०२५ रोजी भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच चियांग माईत २-१ असे हरवले आणि २०२६च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मी उत्साहाने धुळ्याला फोन लावला आणि म्हणालो, 'बघितलंस? काय फॉरवर्ड आहे पोरगी!'

'भाई, ती फॉरवर्ड नाही, मधल्या फळीतली आहे,' बहीण म्हणाली. 'तुला अजून कळत नाही. फॉरवर्ड मी होते.'