परदेशी गेलेल्या आप्ताचा शोध: समासातील नोंद

‘आफ्रिकेला गेलेले काका’, ‘कराचीचे आजोबा’ असे एखादे नाव आपल्या कित्येक कुटुंबांत उरलेले असते. पुढचे कोणालाच ठाऊक नसते. अशा आप्ताचा शोध परदेशात नव्हे, तर त्याचा स्नानसंस्कार झाला त्या धर्मग्रामात सुरू करावा, असे आम्ही सुचवतो.

त्यास कारण आहे. पोप पायस दहावे यांच्या काळातील ‘ने तेमेरे’ या आदेशानुसार १९०८ च्या ईस्टरपासून विवाहाची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या वहीतही करणे बंधनकारक झाले. १९८३ च्या धर्मसंहितेतही (कलम ५३५ व ११२२) हा नियम कायम आहे. विवाह नैरोबीत झाला तरी तेथील धर्मगुरूंनी मूळ धर्मग्रामास कळवायचे आणि इकडे ती नोंद त्या व्यक्तीच्या नावाशेजारी करायची, अशी ही पद्धत आहे.

धर्मगुरूंना भेटताना पूर्ण नाव, आईवडिलांची नावे व जन्माचे अंदाजे वर्ष सोबत न्यावे. विवाहाचे ठिकाण सापडल्यास तेथील चर्चला पत्र लिहावे. १९४८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत कराची मुंबई महाधर्मप्रांतात होते, हेही ध्यानात ठेवावे.

समास कोरा असल्यास निराश होऊ नये. ती व्यक्ती अविवाहित राहिली असेल किंवा पत्र वाटेत हरवले असेल. त्याच वहीत धर्ममातापित्यांची नावे असतात. त्यांच्या घराण्यांत विचारणा करावी.

आणि शोध लागो वा न लागो, २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण करताना आजवर राहून गेलेले ते नावही प्रार्थनेत घ्यावे.