वेर्ण्याचे मार युलियुस: एका दुर्लक्षित अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

मराठीतून ख्रिस्ती धर्माचा इतिहास वाचणाऱ्याला फादर स्टीफन्स भेटतात, बाबा पदमनजी भेटतात, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक भेटतात. कॅथलिक परंपरा कळते, प्रॉटेस्टंटही कळते. ऑर्थोडॉक्स परंपरेची मात्र गाठच पडत नाही. ती केरळची, आपला तिच्याशी काय संबंध, असे आपण धरून चाललो आहोत. हा समज बाजूला ठेवून या विषयात शिरू पाहणाऱ्यांचे मनापासून स्वागत आहे. त्यांनी सुरुवात एका गोंयकारापासून करावी, असे मला वाटते: गोव्यातल्या वेर्ण्यात 29 एप्रिल 1836 रोजी जन्मलेले आंतोनिओ फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस, म्हणजेच पुढचे मार युलियुस.

ते पुढे ज्यात गेले, त्या केरळच्या मलंकार ऑर्थोडॉक्स चर्चचे नाते रशियन किंवा ग्रीक चर्चशी नाही. ते आहे इ. स. 451 ची खाल्सेदोनची परिषद न मानणाऱ्या कुळाशी: आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन आणि सिरियाक चर्चशी. या चर्चमध्ये विवाहित माणूस धर्मगुरू होऊ शकतो, पण बिशपपद अविवाहितांनाच मिळते. आधी डीकन, मग धर्मगुरू, मग रंबान म्हणजे संन्यस्त साधू, आणि त्यानंतर मेट्रोपॉलिटन. त्या वेळी नवे नाव मिळते, त्यामागे आदराचे ‘मार’ लागते. बहुतेक धर्माध्यक्षांची चरित्रे ही वाट क्रमाने सांगतात आणि तिथेच संपतात. आल्वारिसांचे चरित्र खरे महत्त्वाचे होते ते शेवटची पायरी गाठल्यानंतर.

ते जन्माने आणि शिक्षणाने रोमन कॅथलिक. दीक्षा मुंबईत झाली आणि मुंबईतच ते एका जुन्या भांडणात ओढले गेले. पूर्वेकडे बिशप नेमण्याचा हक्क, म्हणजे पाद्रुआदो, पोर्तुगालच्या राजाकडे होता. 1622 मध्ये रोमने प्रोपागांदा फीदे ही स्वतःची यंत्रणा उभी केली आणि पुढे दोघांचे अधिकार एकमेकांवर आदळू लागले. मुंबईत तर एकाच शहरात दोन अधिकारक्षेत्रे नांदत होती. 1886 मध्ये पोर्तुगाल आणि पोप तेरावा लिओ यांच्यात करार झाला. गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क’ असा मोठा किताब मिळाला, पण ब्रिटिश हद्दीतल्या बऱ्याच मंडळ्या त्यांच्या हातून गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या धर्मगुरूंकडे पाहणाऱ्या माणसांना कोणी विचारलेही नाही. विनंतीअर्ज झाले, सभा झाल्या, उपयोग झाला नाही. आल्वारिसांनी रोमशी संबंध तोडला आणि ते मलंकार चर्चकडे वळले.

28 जुलै 1889 रोजी कोट्टायमच्या जुन्या सेमिनरीत त्यांना मेट्रोपॉलिटनपदाची दीक्षा मिळाली. दीक्षा देणाऱ्यांत पुढे संत मानले गेलेले परुमलाचे मार ग्रेगोरिओस होते. सिलोन, गोवा आणि उर्वरित भारतातल्या लॅटिन परंपरेच्या मंडळ्या मार युलियुसांकडे सोपवल्या गेल्या. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ब्रह्मावरला फादर रॉक झेफ्रिन नोरोन्हा त्यांच्या बरोबर आले. तिथल्या कोकणी कुटुंबांनी आपली लॅटिन मिस्सा न सोडता सिरियाक चर्चचे प्रमुख असलेल्या अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कचे छत्र स्वीकारले. उपासना एका परंपरेची आणि अधिकार दुसऱ्या परंपरेचा, अशी ही मांडणी अनेक दशके टिकली. चर्चच्या इतिहासात अशी उदाहरणे फार थोडी आहेत, आणि हे आपल्या किनाऱ्यावर घडले. 29 मे 1892 रोजी कोलंबोत मार युलियुसांनी अमेरिकेत काम करणाऱ्या जोसेफ रने व्हिलाट या धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. युरोप-अमेरिकेतली कितीतरी छोटी स्वतंत्र चर्चे आपली परंपरा त्या दिवसापाशी नेऊन भिडवतात. त्यामुळे परदेशी अभ्यासक आल्वारिसांना बहुधा व्हिलाट प्रकरणापुरतेच ओळखतात. मला ही ओळख तोकडी वाटते.

पोर्तुगालच्या हक्कासाठी रोमशी भांडलेला हा माणूस गोव्यात परतला, तेव्हा पोर्तुगालच्याच पोलिसांनी त्याला पकडले, कोठडीत टाकले, बिशपची वस्त्रे उतरवून घेतली. आल्वारिसांची वृत्तपत्रे राजवटीवर कठोर टीका करत आणि सरकारला ती सोसवत नव्हती. यानंतर ते साधा काळा झगा घालून पणजीत राहिले. निराधार आणि कुष्ठरोगी माणसांना त्यांनी आपल्या छपराखाली घेतले, त्यांच्या जेवणासाठी हातात भांडे घेऊन रस्त्यावर भीक मागितली. पटकीवर काय उपचार करावेत, याची पुस्तिका 1896 मध्ये काढली. 23 सप्टेंबर 1923 रोजी ते वारले ते रोमकडे न परतताच. शेवटची अनेक वर्षे ज्यांच्या चर्चला ते परके होते, त्या पणजीकरांनी त्यांना निरोप द्यायला गर्दी केली. त्यांच्या अस्थी आता रायबंदरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. पद, वस्त्रे, अधिकार सारे हिरावले गेल्यावरही लोक ज्याला धर्मगुरू मानतात, त्याच्यापाशी ते मानण्यासारखे नेमके काय होते, हा मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

त्यासाठीची साधने पोर्तुगीज, इंग्रजी, कोकणी, मल्याळम आणि सिरियाक अशा पाच भाषांत विखुरलेली आहेत. एकट्याने पाचही शिकाव्यात, अशी अपेक्षा नाही. मुंबईतला भाग मराठी अभ्यासकाच्या सहज आवाक्यातला आहे. आल्वारिसांचे सहकारी डॉ. लिस्बोआ पिंटो 1893 मध्ये कोलंबोतल्या छपाई कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. या धार्मिक बंडाचा कामगार चळवळीशी असलेला हा धागाही कोणी उलगडायला हवा.

किनाऱ्यापासून लांब, गोंदियासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यानेही हा विषय दूरचा मानायचे कारण नाही. मलंकार चर्चची सेंट थॉमस ऑर्थोडॉक्स सेमिनरी नागपूरजवळ आहे, आणि नागपूर रेल्वेने गोंदियापासून अवघ्या 130 किलोमीटरवर. दुसऱ्या दिशेला त्याच लोहमार्गावर भिलाई आहे. पोलाद कारखान्यासाठी केरळहून आलेल्या कुटुंबांनी तिथे आपली उपासना आणली. ती कुटुंबे कशी रुजली, त्यांची मुले घरात कोणती भाषा बोलतात, त्यांच्या धर्मगुरूंना हिंदी-मराठी मुलखात काय नव्याने शिकावे लागले, हे त्या पहिल्या पिढीतली वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून, लिहून ठेवता येईल. त्याला ना सिरियाक लागते ना पोर्तुगीज. वही घेऊन बसायचे आणि त्यांना बोलू द्यायचे.