तीन मापांचा करार

वेल्ह्याला उतरून तोरण्यावर किंवा पुढे राजगडावर सहल नेली, की मुले तटातल्या जंग्यांपाशी हमखास रेंगाळतात. त्या तिरक्या भोकांतून शत्रूवर नेम कसा धरत असतील, याचा अभिनयही होतो. मग एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, त्यांच्या बंदुकीत एका वेळी किती गोळ्या मावत?" उत्तर आहे, एकच, आणि तीही नळीच्या तोंडातून आत ठासलेली. हे उत्तर देऊन पुढे न जाता थोडे थांबावे, कारण मोजमापाच्या इतिहासातला एक छान धडा त्यात आहे.

प्रत्येक बंदुकीचा वेगळा साचा

सतराव्या शतकातली बंदूक जामगीची, म्हणजे धुमसत्या वातीने बार उडवणारी. नळी लोहाराने हाताने घडवलेली असे. त्यामुळे दोन नळ्यांची भोके अगदी सारखी निघणे कठीण. यावर उपाय सोपा होता. बंदुकीच्या मापाचा साचा करायचा आणि शिसे वितळवून त्यातच गोळ्या पाडायच्या. गोळी भोकापेक्षा किंचित लहान असे, म्हणजे गजाने ठासताना अडकत नसे. इथे जुळवायचे माप एकच, जाडीचे. लांबीचा प्रश्नच नव्हता. दारू जिथवर भरली असेल तिथे गोळी जाऊन टेकायची.

१८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर रायफल स्वीकारली. ती मागच्या बाजूने भरायची होती. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी ही तिन्ही आता एकाच धातूच्या काडतुसात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, आपल्या पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला. आता रायफल एका देशात बनणार, काडतूस दुसऱ्या देशात, आणि ते वापरणारा शिपाई तिसऱ्याच मुलखात असणार. स्वतःचा साचा जवळ बाळगण्याचे दिवस संपले. साच्याची जागा कागदावरच्या आकड्यांनी घेतली.

लांबीचा प्रश्न

१८८८ मध्ये ली-मेटफर्ड ही मॅगझिनची रायफल आली. तिचेच काडतूस पुढे 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून आपल्याकडे घरोघरी ऐकू येऊ लागले. मॅगझिन म्हणजे काडतुसांची पेटी. स्प्रिंग ती काडतुसे एकेक करून वर ढकलते. पेटीला लांबी आली, तशी काडतुसालाही मर्यादा आली.

नळीच्या आतही एक लांबी आहे. काडतूस बसते त्या पोकळीपुढे थोडा निमुळता, शंकूसारखा भाग असतो. त्याला आपण 'गळा' म्हणू. गळा संपला की नळीतले सर्पिल आटे सुरू होतात आणि ते गोळीला फिरकी देतात. गोळी आधीपासूनच आट्यांवर दाबून बसली असेल, तर बार उडताच आतला दाब जास्त चढतो. उलट ती आट्यांपासून फार दूर असेल, तर मधली रिकामी जागा ओलांडताना तिरकी होऊ शकते आणि नेम बिघडतो.

गोळी काडतुसात थोडी बाहेर बसवून हे अंतर कमी करता येईल, असे वाटेल. पण मग काडतूस लांब होते आणि पेटीत मावत नाही. म्हणजे गळा, काडतूस आणि पेटी या तिन्हींची मापे एकमेकांना बांधलेली आहेत. एक बदलले की बाकीची दोन तपासावीच लागतात.

१९१० चा बदल

याचा उत्तम दाखला थ्री-नॉट-थ्रीच्याच इतिहासात आहे. आधीची गोळी बोथट नाकाची, सुमारे १३.९ ग्रॅम वजनाची. १९१० मध्ये टोकदार गोळी आली, तिला 'मार्क सात' म्हणत. तिचे वजन सुमारे ११.३ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. वजन कमी करूनही लांबी राखता यावी म्हणून टोकाच्या आत शिशाऐवजी अॅल्युमिनियम घातले.

पण टोकदार गोळीचे नाक लवकर निमुळते होते, म्हणून तिचा पूर्ण जाडीचा भाग मागे राहतो. पेटी तीच असल्याने काडतुसाची लांबी साधारण पूर्वीइतकीच, ७८ मिलिमीटरच्या आसपास ठेवणे भाग होते. मग हात घालायला उरला तो गळाच. त्या काळच्या अनेक नळ्यांवर 'एचव्ही' आणि 'एससी' अशी अक्षरे ठोकलेली आढळतात. पहिल्या अक्षरांचा अर्थ वेगवान गोळीसाठी, दुसऱ्यांचा अर्थ लहान शंकू.

माप चुकले तर?

एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत कॅनडाच्या सैनिकांकडे रॉस रायफली होत्या. त्यांची काडतुसाची पोकळी फार तंतोतंत होती. ब्रिटनमध्ये बनलेली काडतुसे मापात थोडी सैल. भराभर बार काढताना रायफली तापल्या, काडतुसे अडकली आणि खटका बुटाने ठोकून उघडण्याची पाळी आली. रॉसमध्ये इतर दोषही होते. हजाराहून अधिक सैनिकांनी ती फेकून पडलेल्या ब्रिटिश सोबत्यांच्या ली-एनफील्ड उचलल्या. १९१६ मध्ये कॅनडाच्या पायदळातून ती रायफल काढून घेण्यात आली. एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रॉस अचूक नेमाची रायफल होती. तिचे माप चुकीचे नव्हते. ते इतरांच्या मापाशी जुळत नव्हते, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

म्हणूनच कारखान्यांत दोन मापके वापरतात. एक वस्तूत गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. या दोहोंमध्ये बसणारी प्रत्येक वस्तू चालते, मग ती कोणीही, कुठेही बनवलेली असो.

वर्गात हे दाखवायला बंदूक नको. निरनिराळ्या बॉलपेनांच्या रिफिली आणि कवचे टेबलावर मांडा. रिफिल लांब असली तर टोपण लागत नाही, आखूड असली तर टोक बाहेर येत नाही. कोणती रिफिल कोणत्या पेनात चालते, याचा तक्ता मुलांनीच पट्टीने मोजून करावा. आणि पुढच्या सहलीत जंगीपाशी कोणी तो प्रश्न विचारलाच, तर त्याला आधी विचारा, "ती गोळी कुणाच्या साच्यातली असेल?"