‘नो डायलटोन’ आणि माझा फसलेला तक्ता

गेल्या उन्हाळ्यात मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातला एक तक्ता काढून टाकला. दिसायला फार छान होता. मूळ साधनं घेऊन पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्यांना त्याची गोष्ट उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

माझा विषय घरगुती इंटरनेटची सुरुवातीची वर्षं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्याही आल्या. हे कागदोपत्री सहज सापडतं. पण घरी नेट लागलं नाही तर लोक विचारायचे कुणाला? बहुतेक वेळा कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यालाच. पुण्यातल्या अशाच एका काकांनी १९९८ पासूनच्या पाच वर्षांतल्या तक्रारी वह्यांमध्ये टिपून ठेवल्या होत्या. तारीख, पेठ, तक्रार, उपाय. एवढंच.

काही नोंदी वाचताना हसू येतं. कुणाचं नेट दुसरा फोन आला की तुटायचं, कारण कॉल वेटिंगची ‘टूं’ मोडेमचं बोलणं मोडायची. कुणी ‘५६ के’चा मोडेम घेतला आणि स्क्रीनवर ३१ दिसल्यावर दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला निघाले. दुकानदार बिचारा निर्दोष! फोनच्या तारेतून जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झचा आवाज जातो. त्यात ३३.६ च्या पुढे जाणं अवघडच. ५६ ची युक्ती तेव्हाच चालते, जेव्हा इंटरनेट कंपनीकडून तुमच्या एक्स्चेंजपर्यंतचा सगळा रस्ता डिजिटल असतो आणि फक्त घरापर्यंतचा शेवटचा तुकडा जुन्या पद्धतीचा असतो. तेही फक्त येणाऱ्या माहितीसाठी.

तर, मी ‘डायलटोन नाही’ अशा सगळ्या तक्रारी वर्षवार मोजल्या. दरवर्षी कमी होत गेलेल्या दिसल्या. निष्कर्ष हातातच होता: टेलिफोनच्या लाइनी सुधारल्या. त्या काळात डिजिटल एक्स्चेंज वाढत होतेच, त्यामुळे गोष्ट जुळलीही.

मॅडमनी तक्ता पाहिला आणि एकच विचारलं, “अगं, या लोकांनी काकांना फोन कुठून केला?”

परत वह्या उघडल्या. निम्म्याहून जास्त ठिकाणी काकांनी चक्क लिहिलं होतं, ‘घरून फोन केला’. म्हणजे लाइन जिवंत होती! रिसीव्हर उचलला की माणसाला टोन ऐकू येत होता, मोडेमला येत नव्हता.

इथे एमएस्सीचा अभ्यास कामी आला. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा असतो. आपला ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ ची थरथर. अमेरिकी टोन ओळखायला शिकवलेल्या मोडेमला आपला टोन नीट ओळखू यायचा नाही. मग तो प्रामाणिकपणे सांगायचा, टोन नाही. काकांचा उपाय प्रत्येक वेळी एकच: ‘एक्स ३’. मोडेमच्या आज्ञांमध्ये ‘एटीएक्स३’ लिहिलं की तो टोनची वाट न बघता थेट नंबर फिरवतो. विंडोजमध्ये हेच काम एका चौकटीतली टिकमार्क काढून व्हायचं. काही काळाने काका नवीन कॉम्प्युटर देतानाच ती काढून द्यायला लागले. तक्रारी कमी झाल्या त्या यामुळे. निदान बऱ्याचशा.

खरी पंचाईत पुढे आहे. ‘एक्स ३’ लावलेल्या मोडेमला लाइन खरोखर मेलेली असली तरी कळत नाही. तो मुक्या तारेवर नंबर फिरवतो, थांबतो आणि ‘नो कॅरिअर’ म्हणतो. समोरचा मोडेम उचलत नसेल, नंबर चुकला असेल, लाइनीत खरखर असेल, तरीही उत्तर तेच. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत जिवंत लाइनी ‘डायलटोन नाही’मध्ये मोजल्या गेल्या आणि नंतरच्या वर्षांत मेलेल्या लाइनी ‘नो कॅरिअर’मध्ये लपल्या. दोन्ही टोकांची चूक एकाच दिशेने. माझा उतार त्यामुळेच इतका सुबक होता.

या वह्यांवरून लाइनी सुधारल्या की नाही हे सांगता येत नाही, असं मी आता प्रकरणात सरळ लिहिलंय. त्याऐवजी उपायांचा रकाना मोजायला घेतलाय: काकांनी दोष कुणाच्या पदरात टाकला, मोडेमच्या, लाइनमनच्या, नेट कंपनीच्या की गिऱ्हाइकाच्या. हे काम हळू चाललंय, कारण अक्षर लागत नाही आणि ‘ला.’ म्हणजे लाइन की लाइनमन हे दर वेळी ठरवावं लागतं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “तेव्हा मला कळायचं.”